भूजलाचा नमुना पेशींवर तपासताना आर्सेनिकचा परिणाम वेगळा कसा ओळखावा?

प्रश्न : संशोधनछात्रा

नमस्कार. मी विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत पीएचडीसाठी काम करते. आमच्या गटाचे काम निम्मे पर्यावरण रसायनशास्त्राचे आणि निम्मे जैववैद्यकीय आहे. कूपनलिकांतून आणलेल्या आर्सेनिकयुक्त पाण्याचे विश्लेषण एका खोलीत होते आणि तेच पाणी मानवी पेशींवर काय परिणाम करते, हे दुसऱ्या खोलीत पाहिले जाते. या दोन खोल्यांतले निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत, म्हणून हा प्रश्न मांडत आहे.

प्रत्येक कूपनलिकेतून दोन बाटल्या भरल्या जातात. पहिलीत नायट्रिक आम्ल घालून पीएच २ च्या खाली आणला जातो आणि तिच्यातील एकूण आर्सेनिक आयसीपी-एमएस यंत्रावर (नमुना तप्त प्लाझ्मात आयनित करून मूलद्रव्ये वस्तुमानानुसार मोजणारे यंत्र) मोजले जाते. दुसरी बाटली काहीही न मिसळता ४ अंश सेल्सिअसला ठेवली जाते, ती पेशींसाठी. प्रयोगाच्या दिवशी या दुसऱ्या बाटलीतील पाणी ०.२२ मायक्रोमीटरच्या फिल्टरमधून गाळून मी ते नेहमीच्या डीएमईएम माध्यमात (पेशी वाढवण्याचा पोषक द्रव) समप्रमाणात मिसळते, हे मिश्रण यकृताच्या हेपजी२ पेशींना (यकृताच्या कर्करोगापासून मिळवलेल्या, प्रयोगशाळेत वाढणाऱ्या पेशी) २४ तास देते आणि त्यानंतर एमटीटी चाचणी (पेशींची सक्रियता रंगावरून मोजणारी) करते. तुलनेसाठी नुसत्या माध्यमात वाढवलेल्या पेशी असतात.

एका नमुन्यात आर्सेनिक ३०० मायक्रोग्रॅम प्रति लिटर आहे, तर दुसऱ्यात १० पेक्षाही कमी. तरीही दोन्ही नमुन्यांनी एमटीटीचे वाचन जवळजवळ सारखेच खाली आणले. याउलट शुद्ध सोडियम आर्सेनाइट (आर्सेनिकचे एक संयुग) माध्यमात घालून तेवढीच, म्हणजे १५० मायक्रोग्रॅम प्रति लिटर आर्सेनिकची मात्रा दिली, तेव्हा पेशींवर काहीच परिणाम दिसला नाही. पाण्यात आर्सेनिकखेरीज दुसरे काही विषारी असेल का, कीटकनाशकांची तपासणी करून घ्यावी का, आणि अनेक शोधनिबंधांत दिसते तशी ५० मायक्रोमोलरपर्यंतची (आर्सेनिकसाठी लिटरला सुमारे पावणेचार मिलिग्रॅम) मात्रा वापरून पाहावी का, याबद्दल अनुभवी मंडळींचे मत हवे आहे.

उत्तर : पेशीसंवर्धक

कीटकनाशकांकडे वळण्याआधी माध्यमाच्या ऑस्मोलॅलिटीकडे, म्हणजे त्यात विरघळलेल्या कणांच्या एकूण प्रमाणाकडे, पाहावे, असे मी आग्रहाने सुचवेन. तयार माध्यमाची ऑस्मोलॅलिटी साधारण ३०० मिलिऑस्मोल प्रति किलोच्या आसपास असते. गोड्या भूजलाची ती फारच कमी, सहसा ३० च्या आत असते. दोन्ही समप्रमाणात मिसळले की मिश्रण १६० च्या जवळपास येते, आणि एवढ्या विरळ द्रवात पाणी पेशींच्या आत शिरून त्या फुगतात. आकार पूर्ववत करण्यासाठी त्या पोटॅशियम, क्लोराइड आणि काही लहान सेंद्रिय रेणू बाहेर टाकतात, त्यात त्यांची ऊर्जा खर्च होते आणि वाढ मंदावते. शिवाय मिश्रणात ग्लुकोज, अमिनो आम्ले आणि सीरम (पेशींच्या वाढीसाठी मिसळला जाणारा रक्ताचा द्रव भाग) हे सर्व निम्म्यावर आलेले असते. आर्सेनिक भरपूर असलेल्या आणि जवळजवळ नसलेल्या पाण्याचा परिणाम सारखाच दिसावा, याचे सर्वांत सरळ स्पष्टीकरण हेच आहे की पेशींना दोन्ही वेळी आर्सेनिकपेक्षा विरळ माध्यमाचा त्रास झाला. आपण सोडियम आर्सेनाइट मात्र पूर्ण ताकदीच्या माध्यमात दिले, त्यामुळे ती तुलना मुळातच दोन वेगळ्या परिस्थितींची आहे.

हे पडताळायला एक दिवस पुरेल. अतिशुद्ध पाणी त्याच फिल्टरमधून गाळून, माध्यमात समप्रमाणात मिसळून पेशींना द्यावे. एमटीटीचे वाचन त्यानेही तितकेच उतरले, तर शंकेला जागा उरणार नाही.

यापुढील प्रयोगांसाठी माझी पसंती भुकटीच्या रूपातील माध्यमाला आहे. भुकटी थेट नमुन्याच्या पाण्यात विरघळवावी, सोडियम बायकार्बोनेट घालून पीएच ७.४ वर आणावा, गाळून घ्यावे आणि मग १० टक्के सीरम मिसळावे. अशा रीतीने तयार माध्यमातील सुमारे ९० टक्के द्रव हा आपल्या नमुन्याचा असतो आणि पोषक घटकांत काही तूट येत नाही. अतिशुद्ध पाण्यात हुबेहूब याच कृतीने बनवलेले माध्यम हे खरे नियंत्रण. एक सावधगिरी मात्र हवी : भूजल कठीण असेल, तर त्यातील कॅल्शियम माध्यमातील कॅल्शियममध्ये भर घालते आणि पीएच वाढला की कॅल्शियम फॉस्फेटचा बारीक साका धरू शकतो. म्हणून तयार माध्यम काही तास इन्क्युबेटरमध्ये ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहावे आणि ऑस्मोलॅलिटी प्रत्येक नमुन्याची स्वतंत्रपणे मोजावी. ती सर्वत्र सारखीच येईल असे गृहीत धरू नये.

एमटीटीबद्दलही बोलले पाहिजे. या चाचणीत पेशींतील विकरे पिवळ्या रंजकद्रव्याचे जांभळ्या फॉर्मॅझानमध्ये रूपांतर करतात, म्हणजे आपण चयापचय मोजतो, मृत्यू नव्हे. आर्सेनाइट लिपोइक आम्लाच्या सल्फरयुक्त गटांना धरून पायरुव्हेट डीहायड्रोजनेज या ऊर्जानिर्मितीतील विकराचे काम रोखते, त्यामुळे पेशी जिवंत असूनही वाचन घसरू शकते. पेशी खरोखर मरत आहेत का, हे ठरवण्यासाठी फुटलेल्या पेशींतून बाहेर गळणारे एलडीएच हे विकर मोजावे किंवा मृत पेशींना रंगवणारे ट्रिपॅन ब्लू वापरून प्रत्यक्ष मोजणी करावी. आणि गेल्या काही आठवड्यांत पेशींची मायकोप्लाझ्मा (संवर्धनात लपून वाढणारे अतिसूक्ष्म जिवाणू) तपासणी झाली नसेल, तर तीही करून घ्यावी, कारण मायकोप्लाझ्माचे स्वतःचे चयापचय याच चाचणीत मिसळते आणि ०.२२ मायक्रोमीटरचा फिल्टर त्याला खात्रीने अडवत नाही.

उत्तर : मूलद्रव्य विश्लेषक

वरील उत्तराशी मी सहमत आहे. माझी शंका मात्र त्याच्याही आधीच्या टप्प्याची आहे, म्हणून प्रथम एक प्रश्न विचारतो. आम्ल न घातलेल्या बाटलीच्या तळाशी काही दिवसांनी तांबूस-तपकिरी गाळ बसलेला दिसतो का?

प्रतिसाद : संशोधनछात्रा

हो. आर्सेनिक जास्त असलेल्या नमुन्याच्या बाटलीत तो स्पष्ट दिसतो. बाटली तिरकी केली की तळाशी बारीक, पिसासारखे कण सरकतात आणि गाळताना फिल्टरच्या पडद्यावर गंजाच्या रंगाचा डाग पडतो. कमी आर्सेनिक असलेल्या बाटलीत असे काही नाही. आम्ल घातलेल्या दोन्ही बाटल्या पूर्ण स्वच्छ आहेत.

उत्तर : मूलद्रव्य विश्लेषक

म्हणजे आपण ज्या पाण्यातील आर्सेनिक मोजले आणि जे पाणी पेशींना दिले, ती दोन वेगळी पाणी आहेत. याचे कारण जमिनीखालच्या रसायनशास्त्रात आहे. बंगालच्या त्रिभुज प्रदेशासारख्या ठिकाणी आर्सेनिक मुख्यतः गाळातील लोहाच्या ऑक्साइडांना चिकटलेले असते. ऑक्सिजन नसलेल्या थरांत सूक्ष्मजीव सेंद्रिय द्रव्याचे विघटन करताना हे लोह क्षपित करतात, ते विरघळते आणि त्याच्यासोबत आर्सेनिक पाण्यात उतरते. पाणी वर येऊन हवेला लागले की हीच क्रिया उलटी फिरते : विरघळलेले लोह ऑक्सिडीभूत होऊन त्याचे हायड्रॉक्साइड तयार होते आणि ते आर्सेनिकला पुन्हा चिकटवून घेऊन तळाशी बसते. आम्ल घातलेल्या बाटलीत लोह विरघळलेलेच राहते, म्हणून तिथे ३०० हा आकडा मिळतो. दुसऱ्या बाटलीतील आर्सेनिकचा मोठा भाग गाळात गेला असणार आणि उरलेल्या कणांना आपल्या फिल्टरने अडवले असणार. पेशींपर्यंत नेमके किती पोचले, हे आत्ता कोणीही सांगू शकणार नाही. पडद्यावरचा तो डाग आम्लात विरघळवून मोजला, तर हरवलेल्या आर्सेनिकचा बराचसा हिशोब लागेल; मी तो प्रयोग नक्की करेन.

माझा नियम असा की आर्सेनिकची मात्रा लिहायची ती पेशींच्या प्लेटमध्ये जाणाऱ्या, पूर्ण तयार झालेल्या माध्यमात मोजून, आणि शक्यतो दोनदा : पेशींना देताना आणि २४ तासांनी. आपल्याला दोन खोल्यांमधले अंतर मिटवायचे असेल, तर ते या मोजमापाशिवाय मिटणार नाही.

मात्र माध्यमातील आर्सेनिक आयसीपी-एमएसवर मोजणे हे पिण्याचे पाणी मोजण्याइतके सरळ नाही. आर्सेनिकचे निसर्गात एकच स्थिर समस्थानिक (एकाच मूलद्रव्याचे ठरावीक वस्तुमानाचे रूप) आहे, वस्तुमान ७५. यंत्राच्या प्लाझ्मातील आरगॉन आणि नमुन्यातील क्लोरीन यांच्यापासून बनणाऱ्या आयनाचे वस्तुमानही ७५ च भरते (४० अधिक ३५), आणि दुसरे समस्थानिक नसल्याने ते निवडून सुटका करून घेण्याची सोय नाही. डीएमईएममध्ये सोडियम क्लोराइड एकट्यानेच लिटरला ६.४ ग्रॅम असते. त्यामुळे साध्या पद्धतीने मोजल्यास आर्सेनिक नसलेले माध्यमसुद्धा आर्सेनिकयुक्त भासू शकते. हेलियमचा कोलिजन सेल (असे नको असलेले आयन वायूच्या टकरींनी गाळणारा कक्ष) वापरणे, किंवा यंत्रात सोय असल्यास ऑक्सिजनशी अभिक्रिया घडवून वस्तुमान ९१ वर मोजणे, हे यावरचे रूढ उपाय आहेत. याशिवाय ग्लुकोज आणि अमिनो आम्लांतील कार्बन आर्सेनिकचा संकेत वाढवतो, म्हणून कॅलिब्रेशनची मानके साध्या पाण्यात न बनवता त्याच प्रमाणात विरल केलेल्या माध्यमात बनवावीत.

एकूण आर्सेनिकसोबत त्याचे रूपही पाहावे. आपण तुलनेला आर्सेनाइट घेतले आहे, पण साठवलेल्या पाण्यात त्यातील बराच भाग आर्सेनेट (अधिक ऑक्सिडीभूत रूप) झालेला असू शकतो. आर्सेनाइट उदासीन रेणूच्या रूपात अ‍ॅक्वाग्लिसरोपोरिन या पेशीपटलातील प्रथिनांच्या मार्गांतून पेशीत सहज शिरते. आर्सेनेट मात्र फॉस्फेटच्या वाहकांतून जाते आणि माध्यमात फॉस्फेट भरपूर असल्याने त्याचा प्रवेश मर्यादित राहतो. म्हणजे एकाच आकड्याची दोन माध्यमे पेशींच्या दृष्टीने अगदी वेगळी असू शकतात. एचपीएलसी (द्रवातील घटक वेगळे करणारे यंत्र) आयसीपी-एमएसला जोडून ही दोन्ही रूपे वेगळी मोजता येतात.

उत्तर : लोकारोग्य

मी पेशींवर काम करत नाही. बाधित लोकसंख्यांचा अभ्यास करते. त्यामुळे ५० मायक्रोमोलरच्या प्रश्नावरच लिहिते, कारण त्यातच या साऱ्या कामाचा अर्थ दडलेला आहे, असे मला वाटते.

आर्सेनिकचा १ मायक्रोमोलर म्हणजे सुमारे ७५ मायक्रोग्रॅम प्रति लिटर. जागतिक आरोग्य संघटनेचे पिण्याच्या पाण्यासाठीचे मार्गदर्शक मूल्य १० मायक्रोग्रॅम प्रति लिटर, म्हणजे ०.१३ मायक्रोमोलर आहे. ५० मायक्रोमोलर म्हणजे लिटरला सुमारे पावणेचार मिलिग्रॅम. असे पाणी क्वचितच कुठे आढळते, आणि पाण्यातील प्रमाण व रक्तातील प्रमाण हेही एक नव्हे : शोषलेले आर्सेनिक शरीरभर पसरते, त्याचे यकृतात मिथिलीकरण होते (त्याला कार्बन-हायड्रोजनचे लहान मिथिल गट जोडले जातात) आणि बरेचसे काही दिवसांत लघवीवाटे बाहेर पडते. म्हणून बाधित व्यक्तीच्या रक्तातील प्रमाण तिच्या पिण्याच्या पाण्यातील प्रमाणापेक्षा सहसा बरेच कमी असते. अ‍ॅक्यूट प्रोमायलोसायटिक ल्युकेमिया या रक्ताच्या कर्करोगाच्या उपचारात, ज्यासाठी अमेरिकेत २००० साली आर्सेनिक ट्रायऑक्साइडला मान्यता मिळाली, हे औषध शिरेतून देऊनही रक्तद्रवातील पातळी काही थोड्या मायक्रोमोलरपर्यंतच जाते. कर्करोगाच्या पेशी मारण्यासाठी दिलेल्या औषधाच्या कितीतरी पट मात्रा पेशींवर ओतून त्या मेल्या, हे दाखवल्याने कूपनलिकेचे पाणी पिणाऱ्या माणसाबद्दल आपल्याला काहीच कळत नाही.

काळाचाही विचार करावा. चिलीतील अँटोफगास्ता शहराला १९५८ ते १९७० या काळात सुमारे ८६० मायक्रोग्रॅम प्रति लिटर आर्सेनिक असलेले पाणी पुरवले जात होते. १९७० मध्ये शुद्धीकरण प्रकल्प सुरू झाल्यावर पातळी वेगाने उतरली, तरीही फुप्फुसाच्या आणि मूत्राशयाच्या कर्करोगाचे मृत्यू तिथे पुढची कित्येक दशके वाढलेलेच राहिले. ज्या विषाचा परिणाम बाधा थांबल्यानंतर इतका काळ टिकतो, त्याचा शोध २४ तासांतल्या मृत्यूत घेणे मला अपुरे वाटते. माणसाच्या शरीरात ज्या पातळ्या खरोखर आढळतात त्या पातळ्यांना, पेशी जिवंत असताना त्यांच्यात काय बदलते, हा प्रश्न जास्त मोलाचा आहे. आपला आर्सेनाइटचा प्रयोग परिणामशून्य म्हणून बाजूला ठेवू नये, ही माझी कळकळीची विनंती आहे. तो फक्त चुकीच्या खुणेवरून वाचला गेला आहे.

उत्तर : पेशीसंवर्धक

लोकारोग्य यांचा मुद्दा अगदी रास्त आहे आणि त्याला प्रयोगात उतरवणे फारसे अवघड नाही. थोड्या मायक्रोमोलरच्या आर्सेनाइटला पेशी जे पहिले उत्तर देतात, त्यात हीम ऑक्सिजनेज-१ या जनुकाची अभिव्यक्ती वाढणे ठळक असते. काही तासांनी आरएनए काढून क्यूपीसीआरने (जनुकाच्या प्रती मोजणारे तंत्र) ती मोजता येते. डीएनए दुरुस्तीचीही दिशा आहे. डीएनए दुरुस्तीतील पार्प-१ सारख्या प्रथिनांतील झिंक फिंगरमधून (जस्ताने आकार धरून ठेवलेला भाग) आर्सेनाइट जस्ताला हटवते, आणि त्यामुळे पेशी न मारताही दुरुस्ती मंदावते. यासाठी मोजकी इजा करून ती किती वेळात भरून येते, हे कॉमेट चाचणीने (एकेका पेशीतील डीएनएची मोडतोड दाखवणारी) पाहता येईल.

हेपजी२ पेशींची मर्यादाही ध्यानात असावी. त्या यकृताच्या असल्या, तरी आर्सेनिकचे मिथिलीकरण करण्याची त्यांची क्षमता प्राथमिक (थेट ऊतीतून घेतलेल्या) यकृतपेशींच्या मानाने कमी असते. मिथिलीकरणात मधेच तयार होणारे त्रिसंयुजी मोनोमिथिल रूप आर्सेनाइटपेक्षाही विषारी आहे, आणि हेपजी२ मध्ये ते माणसाच्या यकृतात होते त्या प्रमाणात तयार होईल, असे धरून चालू नये. प्राथमिक पेशी महाग असतात आणि टिकतही नाहीत. तेव्हा निदान निष्कर्ष लिहिताना ही मर्यादा नोंदवावी.

आणखी एक प्रयोग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. आपल्याकडे आर्सेनिक जवळजवळ नसलेला जो नमुना आहे, त्यात ज्ञात प्रमाणात आर्सेनाइट मिसळून ते माध्यम, आणि तेवढेच आर्सेनाइट असलेले अतिशुद्ध पाण्यातील माध्यम, ही जोडी शेजारी शेजारी चालवावी. दोन्हींत फरक आला, तर भूजलातील इतर घटक आर्सेनिकचा परिणाम वाढवतात की कमी करतात, हे थेट दिसेल. नमुन्यातून शोषकाने आर्सेनिक काढून टाकून तुलना करण्याची उलटी वाट मी सुचवत नाही, कारण लोहाचे शोषक फॉस्फेटही काढून घेतात आणि मग नेमके काय बदलले, हे सांगता येत नाही.

उत्तर : संख्याशास्त्र सल्लागार

थोडक्यात लिहितो. ९६ कप्प्यांच्या प्लेटमधील सहा कप्प्यांत तेच माध्यम घातले, म्हणून नमुनासंख्या सहा होत नाही. ते तांत्रिक पुनरावर्तन आहे. वेगवेगळ्या दिवशी, वेगळ्या पॅसेजच्या (नव्या भांड्यात हलवून वाढवलेल्या वेगळ्या पिढीच्या) पेशींवर, माध्यम नव्याने बनवून केलेला प्रयोग म्हणजे एक स्वतंत्र पुनरावर्तन. आणि ‘आर्सेनिकयुक्त भूजल’ अशा व्यापक शब्दांत निष्कर्ष मांडायचा असेल, तर मोजायची संख्या ही कूपनलिकांची. एका जास्त आणि एका कमी नमुन्याच्या तुलनेत आर्सेनिकव्यतिरिक्त शेकडो गोष्टी वेगळ्या असतात, मग प्रयोग कितीही वेळा केला तरी. प्लेटच्या कडेच्या कप्प्यांतून बाष्पीभवन जास्त होते, म्हणून तिथे फक्त द्रव भरून ठेवावा आणि नमुन्यांच्या जागा प्रत्येक प्लेटवर बदलाव्यात.

प्रतिसाद : संशोधनछात्रा

सर्वांचे मनापासून आभार. अतिशुद्ध पाण्याचे नियंत्रण आणि फिल्टरवरील डागाचे मोजमाप हे दोन्ही लगेच करते. एक शंका राहिली. पुढच्या वेळी नमुने घेताना आर्सेनाइट आणि आर्सेनेट यांचे प्रमाण टिकावे म्हणून बाटलीत ईडीटीए (धातूंचे आयन बांधून ठेवणारे रसायन) घालतात, असे वाचनात आले. मग तीच बाटली पेशींसाठीही वापरता येईल का, म्हणजे दोन वेगळ्या पाण्यांचा प्रश्नच उरणार नाही?

उत्तर : मूलद्रव्य विश्लेषक

नाही, ती बाटली पेशींना देऊ नये. ईडीटीए लोहाला बांधून ठेवते आणि म्हणून गाळ होऊ देत नाही, पण ते कॅल्शियम आणि मॅग्नेशियमही बांधते. पेशी प्लेटवरून सोडवण्यासाठी ट्रिप्सिनसोबत जे ईडीटीए वापरतात तेच हे. त्यामुळे पेशी सुटल्या तर तो आर्सेनिकचा परिणाम समजला जाईल.

प्रत्येक कूपनलिकेतून तीन बाटल्या भराव्यात. पहिली, एकूण मूलद्रव्यांसाठी, आम्ल घातलेली. दुसरी, रूपे मोजण्यासाठी, जागेवरच ०.४५ मायक्रोमीटरच्या फिल्टरमधून गाळून ईडीटीए घातलेली आणि अपारदर्शक, कारण प्रकाशाने लोहाच्या सान्निध्यात आर्सेनाइटचे ऑक्सिडीकरण होते. तिसरी, पेशींसाठी, जागेवरच गाळून काठोकाठ भरलेली, आत हवेचा बुडबुडा न ठेवता बंद केलेली आणि थंड पेटीत आणलेली. तिच्यातील पाण्याचे माध्यम पोचल्याच्या दिवशीच बनवावे. सोबत एका बाटलीत अतिशुद्ध पाणी नेऊन तेही जागेवर त्याच फिल्टरमधून गाळावे, म्हणजे बाटली आणि फिल्टर यांचा स्वतःचा वाटा कळेल. एवढे करूनही तिसऱ्या बाटलीतील काही लोह इन्क्युबेटरमध्ये ऑक्सिडीभूत होईलच. ते पूर्णपणे टाळता येत नाही, म्हणून त्या माध्यमातून सुरुवातीला आणि २४ तासांनी काढलेले दोन छोटे नमुने माझ्यासारख्या विश्लेषकाकडे पाठवावेत आणि आलेखाच्या आडव्या अक्षावर बाटलीवरचा आकडा न लिहिता तिथे मिळालेला आकडा लिहावा.